एकाच घरातले दोन व्याजदर: काकांची एफडी आणि मावसभावाचं होमलोन

व्याजदर कमी झाले की बातम्यांमध्ये एकच ओळ येते, कर्जं स्वस्त होणार. त्याच दिवशी कुणाचं तरी उत्पन्न कमी झालेलं असतं, पण त्याची ओळ कुठेच नसते. हे लिहितेय ते माझ्या मावशीच्या घरातलं प्रकरण आहे. त्यांच्या परवानगीनं लिहितेय, आकडे थोडे गोल केलेत. हे घर निवडलं कारण इथे बाप ठेवीदार आणि मुलगा कर्जदार, म्हणजे कमी व्याजदराच्या दोन्ही बाजू एकाच रेशनकार्डावर.

काका पिंपरी-चिंचवडमधल्या एका कारखान्यातून जून २०१४ ला रिटायर झाले. पेन्शन म्हणाल तर ईपीएसचे महिना दोन हजार. बाकी जे काही होतं ते पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ४० लाख. घर स्वतःचं, कोथरूडला, जुन्या सोसायटीतला टूबीएचके. तेव्हा आरबीआयचा रेपो रेट, म्हणजे आरबीआय बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, ८ टक्के होता आणि पोस्टातल्या सीनियर सिटिझन स्कीमला ९.२ टक्के मिळत होते. काकांनी त्यात १५ लाख टाकले, तेव्हा मर्यादाच तेवढी होती. उरलेल्या २५ लाखांच्या बँकेत पाच वर्षांच्या एफड्या, साधारण ९ टक्क्यांनी.

आता हिशोब बघा. पोस्टाचं वर्षाचं व्याज १,३८,००० आणि एफडीचं २,२५,०००, म्हणजे महिन्याला ३०,२५० रुपये, वर पेन्शनचे दोन हजार. काका सगळा खर्च वहीत लिहितात, त्या वहीनुसार त्या वर्षी घरखर्च महिना २४ हजारांच्या आसपास होता. म्हणजे दर महिन्याला आठेक हजार शिल्लक. पुढच्या पाच वर्षांत ती शिल्लक मुलाच्या लग्नात गेली आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही, कारण व्याज येतच होतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं दुखणं इथून सुरू होतं. त्या वेळी बँका दहा वर्षांच्या एफडीलाही ज्येष्ठांना साडेआठ-पावणेनऊ टक्के देत होत्या. पाच वर्षांपेक्षा पाव टक्का कमी, म्हणून कुणी तिकडे बघितलंच नाही. निम्मे पैसे, म्हणजे साडेबारा लाख, जरी दहा वर्षांसाठी पावणेनऊनं लावले असते तर २०२४ पर्यंत त्यावर वर्षाला १,०९,००० येत राहिले असते, मग बाहेर काहीही होवो. रिटायर होणारा माणूस आज कुठे जास्त मिळतंय एवढंच बघतो, आणि हा दर अजून किती वर्षं माझा राहणार हा प्रश्न त्याला बँकेतलं कुणी विचारत नाही. माझ्या मते ठेवीदारासाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

दर खाली आले तेव्हा

जुलै २०१९ ला सगळं एकदमच मॅच्युअर झालं. तोपर्यंत रेपो ५.७५ वर आला होता. पोस्टाचं खातं तीन वर्षांसाठी वाढवलं, त्याला ८.६ टक्के मिळाले, ते बरं झालं. पण एफडीला सव्वासातच्या आसपास मिळत होते आणि काका म्हणाले की एवढ्या कमी दरात पाच वर्षं कशाला अडकायचं, एक वर्ष थांबू, दर वाढले की लांबची करू. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांनी आयुष्यभर १०-१२ टक्केही बघितलेले, त्यामुळे सात टक्के हे त्यांना तात्पुरतंच वाटलं.

मग कोविड आला. २७ मार्च २०२० ला आरबीआयनं एका झटक्यात पाऊण टक्का कमी केला, २२ मे ला अजून ०.४०, आणि रेपो ४ टक्क्यांवर आला. तिथे तो ४ मे २०२२ पर्यंत राहिला, जवळपास दोन वर्षं. लोक म्हणतात जपानमध्ये तर वर्षानुवर्षं शून्याजवळ होता, मग चार टक्के काय वाईट, पण तिथे महागाईही शून्याजवळच होती. आपल्याकडे २०२०-२१ मध्ये किरकोळ महागाईची सरासरी ६.२ टक्के होती आणि ऑक्टोबर २०२० ला तर ती साडेसातच्याही वर गेलेली.

रेपो तर बँकेनं आरबीआयकडून पैसे घ्यायचा दर, मग त्यानं एफडी का पडावी, असं मावशीनं मला विचारलं होतं. कारण असं की त्या काळात बँकांकडे पैसा नुसता पडून होता. आरबीआयनं सीआरआर, म्हणजे ठेवींतला जो हिस्सा बँकांना आरबीआयकडे ठेवावा लागतो तो, चारवरून तीन टक्के केला, बाजारात पैसा सोडला, कर्जाला मागणी नाही, आणि लोक घाबरून बँकेतच पैसे ठेवत होते. ज्याच्याकडे आधीच पैसा पडून आहे तो तुमच्या पैशाला जास्त भाव कशाला देईल? स्टेट बँकेचं साधं बचत खातंसुद्धा २.७० टक्क्यांवर आलं होतं.

जुलै २०२० ला काकांची एफडी रिन्यू झाली ती ५.६ टक्क्यांनी, ज्येष्ठांचा अर्धा टक्का धरून. २५ लाखांवर वर्षाला १,४०,०००. पोस्टाचे १,२९,०००. म्हणजे महिना २२,४००. सहा वर्षांपूर्वीचे ३०,२५० आठवा. आणि वहीतला खर्च? २४ हजारांचा ३३,५०० झालेला. देशाची सरासरी महागाई धरली तरी त्या सहा वर्षांत किमती साधारण ३० टक्क्यांनी वाढल्या होत्या, आणि ज्येष्ठांच्या घरात औषधं आणि मेडिक्लेमचा हप्ता सरासरीपेक्षा जोरात पळतो. पेन्शन धरूनसुद्धा महिन्याला नऊ हजारांचं भोक पडत होतं.

ते भोक काका मुद्दलातून भरत होते आणि हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. मावशीला सुद्धा नाही. तिला एवढंच दिसत होतं की कामाच्या बाई बंद केल्यात, त्याला कोविडचं कारण होतं. पेपर एकच घ्यायचा ठरला. डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन "पुढच्या वर्षी करू" झालं. माझा राग आहे तो याच्यावर. कर्जदाराचा हप्ता वाढला तर त्याला मेसेज येतो, तो ओरडतो, टीव्हीवर चर्चा होते. ठेवीदाराचं उत्पन्न २५ टक्क्यांनी गेलं तर तो आपला गपचूप खर्च कमी करतो, आणि सगळ्यात आधी स्वतःच्या तब्येतीचा करतो.

जास्त व्याजाच्या मागे

जुलै २०२१ ला परत तेच, आता साडेपाच टक्के. तेव्हा ओळखीचा एक पिग्मी एजंट आला आणि पतसंस्थेत साडेनऊ टक्के मिळतील म्हणाला. काकांनी एफडीतले पाच लाख तिकडे टाकले. पुण्यात राहून असं कसं केलं म्हणाल, कारण इथल्या रुपी या सहकारी बँकेवर २०१३ पासून आरबीआयचे निर्बंध होते हे सगळ्या पेठांना, कोथरूडला, सगळ्यांना माहीत होतं, ओळखीपाळखीत कुणाचे ना कुणाचे पैसे अडकलेले. पण घरात महिन्याला नऊ हजार कमी पडत असताना साडेनऊ आणि साडेपाच यातला फरक हा लोभ नसतो. पाच लाखांवर तो वर्षाला २० हजार होतो, म्हणजे जवळजवळ मेडिक्लेमचा हप्ता निघतो.

फेब्रुवारी २०२० पासून बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत डीआयसीजीसीचा, म्हणजे ठेवींचा विमा उतरवणाऱ्या आरबीआयच्या संस्थेचा, विमा आहे, आधी तो एक लाखच होता. सहकारी बँकेलाही आहे. पण पतसंस्थेला नाही! पतसंस्था ही बँक नाही. बोर्डावर कितीही मोठ्या अक्षरात नाव असलं, आत कितीही चकचकीत काउंटर असले तरी नाही. काकांना हे कुणी सांगितलं नव्हतं. २०२२ च्या शेवटी पैसे मागितले तर "थोडं थांबा" सुरू झालं. शेवटी सगळे मिळाले, पण तुकड्यातुकड्यानं, वर्षभर चकरा मारून, आणि शेवटच्या काही महिन्यांचं व्याज सोडून. मिळाले हे नशीब.

मुलाच्या बाजूनं

आता दुसरी बाजू. माझा मावसभाऊ हिंजवडीत नोकरीला आहे, तेव्हा भाड्यानं राहत होता. २०२० च्या शेवटी त्यानं वाकडला फ्लॅट घेतला. वेळ तर सोन्यासारखी होती, होमलोन ६.९ टक्क्यांना मिळत होतं आणि राज्य सरकारनं १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० स्टँप ड्युटी तीन टक्क्यांनी कमी केली होती. त्या डिसेंबरात रजिस्ट्रेशनच्या ऑफिसबाहेर लागलेल्या रांगा पुणेकरांना आठवत असतील.

तो निघाला होता टूबीएचके बघायला, ४८ लाखांचं कर्ज डोक्यात ठेवून. वीस वर्षांसाठी ६.९ नं त्याचा ईएमआय ३६,९०० बसला असता. पण बँकेनं सांगितलं तुम्हाला ६० लाखांपर्यंत बसतं, ईएमआय ४६,१५८. आणि त्याच्या डोक्यात हा आकडा आधीपासून होता, कारण २०१४ च्या सुमाराला जेव्हा होमलोन १० टक्के होतं तेव्हा ऑफिसातले सीनियर ४८ लाखांच्या कर्जाला ४६ हजारच भरायचे. म्हणजे हप्ता तोच, घर मोठं. घेतला थ्रीबीएचके, ८० लाखांचा.

या घरापुरतं बोलायचं तर सगळं प्रकरण या एका निर्णयात आहे. व्याज कमी झाल्यानं जे महिना ९,२०० रुपये मुलाच्या खिशात राहू शकत होते ते त्यानं मोठ्या कर्जात घातले, म्हणजे पर्यायानं बिल्डरकडे गेले. आणि बरोबर तेवढेच, नऊ हजार, कोथरूडला बापाच्या घरात कमी पडत होते. दोघांना एकमेकांचा आकडा माहीत नव्हता. मुलाला वाटत होतं बाबांचं व्याज मस्त चालू आहे, बाबांना वाटत होतं पोरानं एवढं कर्ज डोक्यावर घेतलंय त्याला कशाला सांगा.

असं लाखो घरांत झालं असणार. सगळ्यांचा हप्ता तेवढाच राहून सगळ्यांना १२ लाख जास्त कर्ज मिळायला लागलं की घराच्या किमती त्या हिशोबानं वर सरकायला जागा मिळते. मग पुढे येणाऱ्या कर्जदाराला स्वस्त कर्जाचा फायदा नावालाच उरतो. मुद्दल मात्र खरंच मोठं झालेलं असतं आणि ते दर वाढल्यावर लहान होत नाही.

दर वाढले. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो ४ वरून ६.५ झाला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, होमलोनं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावी लागतात, त्यामुळे सगळी अडीच टक्क्यांची वाढ त्याच्या कर्जावर आली, ६.९ चं ९.४ झालं. तेव्हा बाकी होती साधारण ५७ लाख ४० हजार. त्यावर महिन्याचं व्याजच जवळपास ४५,००० रुपये. तो भरत होता ४६,१५८. म्हणजे मुद्दलात जात होते हजार-बाराशे! त्याला हे कळलंच नव्हतं, कारण बँकेनं ईएमआय तसाच ठेवून मुदत वाढवली होती. तोच हप्ता ठेवला असता तर कर्ज फिटायला अजून ३९ वर्षं लागली असती. मी हे त्याला एक्सेलमध्ये करून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "ताई, मी तेव्हा ७३ वर्षांचा असेन."

ऑगस्ट २०२३ मध्ये आरबीआयनं बँकांना सांगितलं की दर बदलल्यावर ग्राहकाला मुदत आणि हप्ता यावर काय परिणाम झाला ते कळवा, आणि हप्ता वाढवायचा की मुदत हा पर्याय द्या. त्याच्या आधारानं त्यानं बँकेत अर्ज केला आणि मूळ मुदतीत कर्ज संपेल असा हप्ता करून घेतला, ५५,२००. नऊ हजारांनी जास्त.

ठेवींचं काय? रेपो अडीच टक्के वाढला तेव्हा स्टेट बँकेची वर्षभराची एफडी ५.१ वरून ६.८ पर्यंत आली, म्हणजे पावणेदोनच टक्के, आणि तेही सावकाश, आणि तेही जुनी एफडी मॅच्युअर झाल्यावरच. खाली येताना मात्र दर भराभर आले होते. मला यात कुणाचं कारस्थान दिसत नाही, बँकेकडे पैसा होता म्हणून तिला घाई नव्हती. पण परिणाम तोच.

मोतीबिंदू आणि वही

हे सगळं उघडं पडलं ते मोतीबिंदूमुळे. २०२३ च्या उन्हाळ्यात मावशीच्या लक्षात आलं की काकांना रात्री रिक्षाचा नंबर दिसत नाही, ती चिडली, मग वही बाहेर आली. मी, मावसभाऊ, मावशी, काका, चौघं बसलो. काका आधी ऐकायलाच तयार नव्हते. "अगं, माझं मी बघतो, त्याच्यावर कशाला." मावसभाऊ म्हणाला, "बाबा, तुमचं व्याज कमी झालं म्हणूनच मला कर्ज स्वस्त मिळालं, मग त्यातलं तुमचं नाही का?" अर्थशास्त्र एवढ्या साध्या शब्दांत मी कधी ऐकलं नव्हतं.

आधी पोस्टाचं खातं. जुलै २०२२ ला वाढवलेली मुदत संपल्यावर काकांनी ७.४ टक्क्यांनी नवीन पाच वर्षांचं खातं काढलं होतं. एप्रिल २०२३ पासून तोच दर ८.२ झाला आणि मर्यादा १५ वरून ३० लाख झाली. एक वर्ष झाल्यावर आणि दोन वर्षांच्या आत खातं मोडलं तर मुद्दलाच्या दीड टक्का कापतात, म्हणजे १५ लाखांवर २२,५००. काकांना ते कापून घेणं जिवावर आलं. पण ०.८ टक्के जास्त म्हणजे वर्षाला १२,०००, उरलेल्या चार वर्षांचे ४८,०००, शिवाय दर २०२७ ऐवजी २०२८ पर्यंत पक्का. मोडलं. एफडीतले १५ लाख त्यात घातले आणि ऑगस्टमध्ये ३० लाखांचं खातं झालं, दर तीन महिन्यांनी ६१,५००. मुद्दलातले तीनेक लाख तोपर्यंत खर्चून गेले होते, दोन लाख एफडीत अडीअडचणीला ठेवले. पतसंस्थेतून सुटलेले पाच लाख पुढच्या वर्षी मावशीला साठ पूर्ण झाल्यावर तिच्या नावानं त्याच स्कीममध्ये, वर्षाला ४१,०००. डोळ्याचं ऑपरेशन त्याच दिवाळीच्या आधी झालं.

पुन्हा खाली

२०२५ मध्ये आरबीआयनं परत दर कमी करायला घेतले, फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत ६.५ वरून ५.२५. या वेळी फरक आहे. ऑक्टोबर २०२५ ला किरकोळ महागाई पाव टक्का होती, त्यामुळे ज्येष्ठांना एफडीवर साडेसहा-सात मिळाले तरी मुद्दल खऱ्या अर्थानं झिजत नाही. २०२० ला ५.६ मिळून सुद्धा झिजत होतं. नुसता दर बघून कमी-जास्त ठरवायचं नाही, महागाई वजा करून बघायचं. आणि महागाईसुद्धा आपल्या घरची, कारण देशाची पाव टक्का असली तरी काकांचा मेडिक्लेमचा हप्ता वयाचा टप्पा बदलला तसा वाढलाच. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, त्यानं जरा हातभार लागला.

मावसभावाचा दर ८.१५ वर आला. बँक हप्ता ५२,५०० च्या आसपास करून द्यायला तयार होती, त्यानं ५५,२०० च ठेवला. दर इथेच राहिला तर कर्ज मूळ तारखेच्या दीडेक वर्ष आधी संपेल. आणि पगार वाढलाय त्यातून तो आई-बाबांना महिना १५ हजार देतो, बँकेला स्टँडिंग इन्स्ट्रक्शन दिलीय, मागायला लागत नाही. व्याज २३,९००, पेन्शन दोन हजार, त्याचे १५, घरखर्च ४१ हजारांच्या घरात. जेमतेम बसतं.

कच्चा दुवा अजून आहेच. ऑगस्ट २०२८ ला ३० लाख एकदम मॅच्युअर होतील. खातं अजून तीन वर्षांसाठी वाढवता येतं पण दर त्या दिवशीचा लागतो. तो सात असेल की साडेसहा, आज कुणी सांगू शकत नाही. म्हणून चौघांनी बसून एक ठरवलंय आणि ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलंय. ३० लाखांवर दर अर्धा टक्का कमी झाला की काकांचे वर्षाला १५,००० जातात. दोन्हीकडचे दर एकाच दिवशी हलत नाहीत, पण मुलाच्या कर्जावर तेव्हा ४८ लाखांच्या आसपास बाकी असेल आणि अर्ध्या टक्क्याचं त्याचं वर्षाचं व्याज २४,००० नी कमी होतं. तर त्याचा दर जेवढा उतरेल त्यातला पहिला हिस्सा काकांची तूट भरायला, उरलेला प्रीपेमेंटला, म्हणजे मुद्दल मुदतीआधी फेडायला, फ्लोटिंग होमलोनला प्रीपेमेंटचा दंड नसतो. दर वाढले तर उलट, काकांचं व्याज वाढेल तेवढे ते मुलाकडून कमी घेणार. काकांनी ही दुसरी अट स्वतःहून घालून घेतली, त्याशिवाय सही करणार नाही म्हणाले.